चौथा महिना, स्ट्रेच मार्क्स आणि नणंदेनं पाठवलेलं किट

प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरजवळच्या गावातली मुलगी, वय २३, पहिलटकरीण, चौथा महिना नुकताच लागलाय. पुण्याच्या नणंदेनं स्ट्रेच मार्क्स होऊ नयेत म्हणून किट पाठवलंय, त्यात एक तेलाची बाटली, एक डबीतलं बटर आणि रात्री लावायचं सिरम. सासूबाई म्हणतात फक्त खाजवू नको, बाकी काही लागत नाही. आई म्हणते खोबरेल लाव. आणि इन्स्टावरची कोणीतरी म्हणते की चौथ्या महिन्यापासून सुरू केलं नाही तर मग हात चोळत बसा. तर नेमकं काय लावू, आणि लावलं तर डाग येणार नाहीत ना?

मी जळगावला स्किनची प्रॅक्टिस करते, एकोणीस वर्षं झाली, आणि हा प्रश्न महिन्यातून दहा वेळा तरी येतो, फक्त किटचं नाव बदलतं. म्हणून आज ओपीडी संपल्यावर निवांत लिहितेय, लांबलं तर सांभाळून घे.

आधी न आवडणारं उत्तर. पोटावर चोळली की स्ट्रेच मार्क्स येणारच नाहीत अशी क्रीम, तेल, बटर काहीही आजच्या तारखेला बाजारात नाही. तीनशेचं नाही आणि तीन हजाराचंही नाही. जगभरातले आकडे बघितले तर ५० ते ९० टक्के गरोदर बायकांना थोड्याफार खुणा येतातच, म्हणजे न येणारीच वेगळी म्हणायची. आणि ज्या "मी हे लावलं म्हणून मला आल्या नाहीत" असं सांगतात ना, त्यांतल्या बऱ्याच जणींना काहीही न लावता सुद्धा आल्या नसत्या.

का ते सांगते. तू मांडे होताना बघितलेच असतील. बाई तो पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा करते, कोपरापर्यंत नेते, आणि मग उलट्या खापरावर टाकते. आता तो मांडा मधेच फाटणार की नाही हे कशावर ठरतं? गहू कुठला होता, पीठ किती तिंबलं, किती वेळ मुरलं, आणि हात किती घाईनं चालला त्यावर. हाताला लावलेल्या तेलानं पीठ चिकटत नाही, बास, तेवढंच. कच्च्या पिठाचा मांडा वरून कितीही तेल लावलं तरी फाटतोच.

चामडीचं तसंच आहे. आपल्याला दिसतो तो वरचा पातळ थर, आणि त्याच्या खाली एक जाड थर असतो ज्यात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे विणलेले असतात, चामडी ताणली जाऊन परत जागेवर येते ती त्यांच्यामुळे. स्ट्रेच मार्क म्हणजे त्या खालच्या थरातली वीण विस्कटते. वरचा थर फाटत नाही, म्हणूनच रक्त येत नाही, खपली धरत नाही, नुसती एक रेघ उमटते, बोट फिरवलं तर जरा खोलगट लागते. आणि नुसता ताण हे एकच कारण नाही, गरोदरपणातले हार्मोन्सही त्या थरात बदल करतात, म्हणून तर पोटाइतकी न ताणलेली मांडी, कंबर, छाती तिथेही खुणा येतात. क्रीम जे काम करते ते बहुतेक सगळं वरच्या थरात करते. खाली जिथे वीण विस्कटतेय तिथवर ती पोचतच नाही, आणि पोचली तरी विस्कटलेली वीण परत विणत नाही.

मग कोणाला जास्त येतात? आईला असतील तर मुलीला यायची शक्यता बरीच वाढते. २०१३ साली जीन्सवरचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात इलॅस्टिन बनवणाऱ्या जीनच्या आसपासच्या फरकांचा या खुणांशी संबंध दिसला, म्हणजे पीठच तसं घेऊन आलोय आपण. दुसरं, वय कमी असेल तर जास्त, विशी-बावीशीतल्या मुलींना तिशीतल्यांपेक्षा जास्त येतात, हे ऐकून सगळ्यांनाच आश्चर्य वाटतं. मग आधीपासूनचं वजन, नऊ महिन्यांत भराभर वाढलेलं वजन, बाळ मोठं असणं, जुळं असणं.

मागे एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या होत्या, धुळ्याकडच्या, आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "आम्हना टाइमले कोठे व्हती क्रीम? मले तं काहीच नही व्हयनं." खरंच झालं नसेल त्यांना. पण सासूच्या पोटावरून सुनेच्या पोटाचा अंदाज लागत नाही ना, तो आईच्या पोटावरून लागतो. सुनेची आई मागच्या बाकावर गप्प बसली होती, तिला विचारलं तर हळूच म्हणाली, मला बेंबीपासून खाली सगळ्या आहेत. झालं, माझं निम्मं निदान तिथेच झालं.

माझ्या स्वतःच्या पोटावर आहेत, ते पण सांगून टाकते. एमडी करत होते तेव्हा पहिलं बाळ, कुठूनतरी महागाची कोको बटरची बाटली मिळवली होती आणि रोज रात्री अगदी नेमानं लावायचे, रेसिडेन्सीत जेवायला वेळ नव्हता पण बटर चुकलं नाही. आठवा महिना लागला आणि एका आठवड्यात बेंबीच्या खाली जांभळट रेघांचा गुच्छ. तेव्हा रडले होते थोडीशी, आता काही वाटत नाही.

आता अभ्यास काय म्हणतात ते, कारण मी म्हणते म्हणून ऐकू नको. २००८ मधे लेबनॉनमधला एक अभ्यास आला, १७५ पहिलटकरणी, अर्ध्यांना कोको बटरचं लोशन आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं पण कोको बटर नसलेलं. शेवटी दोन्हीकडे खुणांचं प्रमाण जवळपास सारखंच. मग २०१२ मधे कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरातल्या चाचण्या गोळा करून त्यांचं सार काढणारी मंडळी, त्यांनी ६ चाचण्यांमधल्या ८०० बायकांचा हिशोब मांडला, आणि निष्कर्ष असा की लावायच्या कुठल्याच गोष्टीनं स्ट्रेच मार्क्स टळतात असा भक्कम पुरावा नाही. ऑलिव्ह ऑइलचंही तेच.

एक गंमतीचा अभ्यास मात्र आहे, तुर्कस्तानातला, तोही २०१२ चाच. १४१ पहिलटकरणींचे तीन गट केले. एका गटाला कडू बदामाचं तेल मालिश करून लावायला सांगितलं, दुसऱ्याला तेच तेल नुसतं फासायला, तिसऱ्याला काहीच नाही. मालिशवाल्यांमधे २० टक्क्यांना खुणा आल्या, नुसतं तेल फासणाऱ्यांमधे ३८.८ आणि काहीच न लावणाऱ्यांमधे ४१.२. बघ हं, तेल तेच, पण नुसतं फासलं तर काही न लावल्यासारखंच. म्हणजे फायदा झालाच असेल तर तो हाताचा, बाटलीचा नाही. अभ्यास छोटा आहे, आणि आपण मालिश करतोय की नाही हे करणारीला माहीतच असतं, त्यामुळे मी त्यावर शपथ घेणार नाही. पण मालिश फुकट आहे, त्यात नुकसान नाही आणि बरं वाटतं, म्हणून मी सगळ्यांना करायला सांगते. कडू बदामाचंच तेल शोधत फिरायची गरज नाही, आणि मिळालंच तर ते पोटात घ्यायचं नाही, कडू बदाम विषारी असतो.

तर मग काही लावायचंच नाही का? लावायचं. पण कशासाठी ते डोक्यात पक्कं ठेवून. पोट ताणलं की वरची चामडी कोरडी पडते, खाज सुटते, रात्री झोप लागत नाही. त्यासाठी लावायचं. त्या कामाला आईचं खोबरेल उत्तम. खोबरेलाचा वास नको वाटत असेल, चौथ्या महिन्यात अजून बऱ्याच जणींना वास सहन होत नाहीत, तर मेडिकलमधे मिळणारं साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर घे, ज्यात ग्लिसरीन किंवा सेरामाइड आहे. फार कोरडी चामडी असेल तर पेट्रोलियम जेली. शे-दोनशे रुपयांच्या वर जायचं काही कारण मला तरी दिसत नाही. शिया बटर, कोको बटर आवडत असेल तर तेही लाव, वाईट काही नाही त्यात, फक्त त्या बाटलीकडून चमत्काराची अपेक्षा नको.

कसं लावायचं यानं जास्त फरक पडतो. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, मग आपण अजून साबण चोळतो आणि अंगावर पांढरी राप बसते. तर आंघोळ कोमट पाण्यानं, कढत नाही. साबण काखेत, जांघेत, पायाला. पोटाला साबणाची गरजच नाही, तिथे कुठली धूळ बसतेय. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग अजून दमट आहे तोवर, बाथरूममधून बाहेर पडायच्या आधीच, तीन-चार मिनिटांच्या आत तेल किंवा लोशन. अंगातलं पाणी उडून गेल्यावर लावलं तर निम्मा फायदा गेला. तळहातावर चमचाभर घ्यायचं, दोन्ही हात चोळून गरम करायचे आणि बेंबीभोवती गोल गोल, मग बाजूनं खालून वर, कंबर आणि मांड्याही विसरायच्या नाहीत. जोर किती? गरम पोळीवर तूप फिरवतो तेवढाच. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं झोपताना. पोट कडक येतंय असं वाटलं तर थांबायचं. आणि बाळ "सरकवायला" म्हणून कोणी जोरात पोट चोळून देते म्हणाली तर तिला हात लावू द्यायचा नाही, मग ती कितीही अनुभवी आणि नात्यातली असो.

तुझा सातवा-आठवा एप्रिल-मे मधे येतोय, म्हणजे नेमका आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीच्या दिवसांत. त्या उन्हात घट्ट बटर थापून वर साडी गुंडाळलीस तर घामोळ्या आणि केसतोडे नक्की, मग माझ्याकडे दुसऱ्याच कारणासाठी यावं लागेल. तेव्हा बटर बंद, दिवसा पातळ लोशन, आणि तेल लावायचं तर आंघोळीच्या अर्धा तास आधी लावून धुऊन टाकायचं. सुती गाऊन, सैल नाडी. नाडीच्या करकोच्यावर खाज सगळ्यात जास्त येते, कोणी सांगत नाही पण मी रोज बघते.

नवीन काहीही असो, आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून बघ. लाल झालं, चुरचुरलं तर ते पोटावर न्यायचं नाही. "नैसर्गिक" लिहिलेल्या तेलांत सुगंधी अर्क भरमसाट असतात आणि त्यांचीच अ‍ॅलर्जी जास्त येते, हे पण ऐकून ठेव.

आता त्या डबीवरचं लेबल. ज्या घटकाचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी, असा उतरता क्रम असतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात केशर, बदाम, सेंटेला, आणि मागे बघितलं तर पहिल्या चारात पाणी, मिनरल ऑइल, ग्लिसरीन, मेण, आणि ते केशर शेवटून दुसरं, वासाच्या जरासं आधी. मिनरल ऑइल वाईट नाही, उलट सुरक्षित आहे, पण मग केशराचे पैसे का द्यायचे. अशी क्रीम कायद्यानं कॉस्मेटिक असते, औषध नाही, त्यामुळे औषधासारखी बायकांवर चाचणी करून परिणाम सिद्ध केल्याशिवाय दुकानात येऊ शकत नाही असं काही नसतं. "मदत करते", "कमी दिसायला लावते" अशी भाषा त्यामुळेच, नीट वाच, "होऊ देत नाही" असं छापताना ते फार जपून असतात.

क्रीमनं चिरा थांबत नाहीत, पण चुकीच्या क्रीमनं नुकसान मात्र होऊ शकतं, आणि माझा खरा जीव तिथे अडकलाय. लेबलवर रेटिनॉल, रेटिनाइल पाल्मिटेट, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलिन, टॅझारोटिन यातलं काही दिसलं तर गरोदरपणात ते बाजूला. ही सगळी अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली. यातलंच एक, आयसोट्रेटिनॉइन, पिंपल्ससाठी गोळीच्या रूपात देतात, आणि ती गोळी पोटात गेली तर बाळात व्यंग होऊ शकतं हे पक्कं सिद्ध आहे. चामडीवर लावलेल्यातलं फार थोडं रक्तात जातं, म्हणून चार-आठ दिवस लावून झालं असेल तर रडारड नको, बंद कर आणि पुढच्या व्हिजिटला तुझ्या गायनॅकला सांग. पण पोटभर, मांडीभर रोज पाच महिने असलं काही लावणं, तेही चिरा टाळायला ज्याचा भरवसाच नाही, हा सौदा आतबट्ट्याचा. हायड्रोक्विनोन, म्हणजे डाग घालवायच्या क्रीममधलं, तेही नको, ते चामडीतून रक्तात बऱ्यापैकी शोषलं जातं. आणि लिंबू चोळून उन्हात बसणं तर अजिबात नको, लिंबाचा रस आणि ऊन यांनी चामडी भाजते, महिनोन्महिने काळी राहते.

आणि स्टेरॉइड. एक मुलगी आली होती, सहावा महिना, पोट अगदी स्वच्छ, पण मांडीच्या आत, जांघेत बोटाएवढ्या रुंद जांभळ्या चिरा, हात लावला तर चामडी टिश्यू पेपरसारखी पातळ. म्हणे मॅडम प्रेग्नन्सीमुळे झालं ना. मी म्हटलं पर्स उघड. आतून पिळून चपटी झालेली ट्यूब निघाली, मागचा भाग टूथपेस्टसारखा गुंडाळलेला. लग्नाआधीपासून गजकर्ण होतं, मेडिकलवाल्यानं दिलेली ती ट्यूब, लावली की दोन दिवसांत खाज गायब, थांबवली की दुप्पट, असं दीड वर्ष चाललेलं. आत क्लोबेटासॉल, सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकाच ट्यूबमधे कोंबलेलं. आता बघ, हे तीव्र स्टेरॉइड कोलॅजन बनणंच कमी करतं, चामडी पातळ करतं, आणि स्वतःच स्ट्रेच मार्क्स आणतं, गरोदर असो नसो, पुरुषांना पण. वर गरोदरपणात भरपूर प्रमाणात तीव्र स्टेरॉइड वापरण्याचा संबंध बाळाचं वजन कमी भरण्याशी दिसलाय. सरकारनं २०१८ मधे अशा बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण काउंटरवर जाऊन "ती खाजेची द्या" म्हटलं की आजही मिळते हे तुलाही माहितेय आणि मलाही. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, ही तीन नावं मोबाईलमधे लिहून ठेव. गोरं करायच्या कित्येक क्रीममधे पण हीच असतात. डॉक्टरनं बघून, किती दिवस ते सांगून दिली तर ठीक, एरवी नाही.

आता सासूबाईंचं खाजवू नको. अर्धं खरं आहे ते. खाजवल्यानं स्ट्रेच मार्क येत नाही, तो आतून येतो, खरं तर उलटं असतं, चिरा पडणार असतात म्हणून आधी तिथे खाज येते आणि मग आपल्याला वाटतं खाजवलं म्हणून पडल्या. पण नखानं ओरखडलं तर आपल्यासारख्या सावळ्या चामडीवर काळे डाग उरतात, म्हणून नखं कापून ठेव, खाज आली की थंड पाण्यात पिळलेला रुमाल पोटावर टाक, लोशन फ्रीजमधे ठेवून गार लाव, कॅलामाइन चालतं.

खाजेबद्दल एक गोष्ट मात्र क्रीमपेक्षा हजारपट महत्त्वाची. रावेरकडची एक बाई, आठवा महिना संपत आलेला, पिशवीत तीन प्रकारची तेलं घेऊन आलेली, यातलं कुठलं चांगलं विचारायला. बोलता बोलता पायातली चप्पल काढून टेबलाच्या पायाला तळपाय घासत होती. मी विचारलं पोटाला खाज आहे का, तर म्हणे पोटाला नाही मॅडम, तळपायाला आणि तळहाताला, रात्री तर नवऱ्याला उठवते, कंगव्यानं खाजवून दे म्हणून. अंगावर पुरळ एक नाही. मी तेलं बाजूला ठेवली आणि तिला तशीच रिक्षात बसवून तिच्या गायनॅककडे पाठवलं, लिव्हरच्या तपासण्या आणि बाइल अ‍ॅसिड करायला. दोन्ही वाढलेले निघाले. गरोदरपणात कधीकधी लिव्हरमधून पित्त नीट वाहत नाही आणि ते रक्तात साठतं, त्याची ही खाज, आणि बाइल अ‍ॅसिड फार वाढलं तर बाळाच्या जिवाला धोका असतो. तिचं बाळ नीट झालं, नंतर पेढे घेऊन आली होती. तर पुरळ नसताना हातापायाच्या तळव्यांना खाज, रात्री जास्त, लघवी गडद, डोळे पिवळट, असं काही दिसलं तर तेल लावत बसायचं नाही, त्याच दिवशी गायनॅकला फोन.

दुसरी एक खाज असते ती शेवटच्या महिन्यात, बहुतेक पहिल्या खेपेला, चिरा पडल्यात नेमक्या त्यांच्यावरच लाल फोड-गाठी उठतात, बेंबीभोवतीची जागा तेवढी सुटते. ती त्रासदायक पण बाळाला धोका नसलेली, बाळंतपणानंतर जाते. दाखवायला मात्र ये, औषध असतं.

वजनाचं बोलू, कारण तुझ्या हातात खरंच काही असेल तर हेच आहे, आणि तेही थोडंसंच. अमेरिकेतल्या २००९ च्या गाइडलाइनप्रमाणे आधी वजन नॉर्मल असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढावं, आधीच जास्त असेल तर ७ ते ११.५. चौथ्यानंतर आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. आपल्याकडे होतं काय, आठवड्याला चारशे ग्रॅमनं नीट चाललेली गाडी सातव्यात ओटीभरण झालं, माहेरी गेली, की सुटते. दोन जिवांची आहेस खा खा म्हणत सकाळी शिरा, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी शेव-भाजी, आणि उठायचं नाही. महिन्यात चार-पाच किलो. मांड्याची गोष्ट आठव, हात घाईनं चालला की फाटतो. डाएट करायला सांगत नाहीये, गरोदरपणात उपाशी राहणं मूर्खपणा आहे. दूध, अंडी, डाळी, मटकी, कळण्याची भाकरी हे भरपूर खा, ज्वारीबरोबर उडीद आला म्हणजे प्रोटीनही आलं, केळी तर दारात आहेत. गोड आणि तळलेलं हात राखून. संध्याकाळी ऊन उतरलं की अर्धा तास चालायचं, गायनॅकनं मना केलं नसेल तर. आणि एका आठवड्यात एकदम दोन किलो वाढले, चेहऱ्याला-हाताला सूज दिसली, तर तो चिरांचा विषय नाही, बीपी तपासायचा विषय आहे, लगेच जा.

एवढं करून आल्याच तर? बहुतेक सहाव्या-सातव्याच्या पुढे दिसायला लागतात, आपल्या रंगावर आधी जांभळट-तपकिरी, मग बाळंतपणानंतर सहा महिने ते वर्षभरात आपोआप फिक्या पडत पांढुरक्या होतात. पूर्ण पुसत नाहीत, पण चार हातांवरून दिसत नाहीत. उपचार आहेत, ट्रेटिनॉइन ताज्या खुणांवर थोडं काम करतं पण ते अंगावर पाजून संपल्यावर, मग मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुया टोचून करतात ते, आणि लेझर. फरक पडतो, पुसलं जात नाही, पाच-सहा सिटिंग्ज लागतात, खर्च होतो, आणि सावळ्या चामडीवर लेझरनं उलट काळे पट्टे पडू शकतात, म्हणून अनुभवी माणसाकडेच आणि घाई न करता. निदान वर्षभर थांब, बऱ्याच जणी तोवर विसरून जातात. ऑनलाइन सुयांचा रोलर मागवून घरी फिरवायचा उद्योग करू नको, त्याचं इन्फेक्शन मी बघितलंय.

"चौथ्या महिन्यात नाही सुरू केलं तर उपयोग नाही" हे त्या इन्स्टावालीचं वाक्य विक्रीचं आहे, तुझं पोट अजून धड दिसत पण नसेल, खाज सुरू झाली की सुरू कर, आधी केलंस तरी बिघडत नाही.

राहिलं ते किट. तेल आधी कोपरावर लावून बघ, घटकांत मी टाळायला सांगितलेली नावं नसतील तर वापर, नणंदेनं प्रेमानं पाठवलंय. बटर आत्ता थंडी आहे तोवर पोटाला चालेल, मार्च लागला की टाचांना आणि कोपरांना लाव, तिथे ते झकास काम करतं. सिरमचं लेबल तू फोटोत पाठवलंस त्यात सातवं नाव रेटिनाइल पाल्मिटेट आहे, ते नको. बाटलीच्या मागे उघड्या डबीचं छोटं चित्र असेल आणि त्यात १२ किंवा ६ असा आकडा, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. तू अजून उघडलं नाहीस म्हणतेस, तर तसंच सील असलेलं नणंदेला परत पाठव, ती गरोदर नाहीये, तिच्या चेहऱ्याला उपयोगी पडेल.